बॅनरवर कुणाचंच नाव नको असेल तर

कलावंतांनी स्वतः चालवलेल्या दृश्यकलेच्या महोत्सवाची चर्चा मुंबईत सुरू झाली की लगेच प्रश्न येतो, पैसे कुठून आणायचे? मला वाटतं त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: नक्की किती लागतात? हा आकडा कागदावर नसला की पहिल्याच बैठकीत कुणीतरी पन्नास लाख म्हणतं. एकदा तो आकडा डोक्यात बसला की प्रायोजकाशिवाय दुसरा रस्ता दिसत नाही. महोत्सवाचं स्वातंत्र्य खर्चाच्या पहिल्या तक्त्यातच ठरतं, घोषणापत्र त्यानंतर येतं.

वीस कलावंत, दहा दिवस आणि एखाद्या जुन्या शाळेचा हॉल किंवा गोदाम, असा नमुना धरू. तक्त्यात पहिली ओळ मानधनाची लिहायची, प्रत्येकी १० हजार म्हणजे २ लाख. ती पहिली असण्याला कारण आहे. शेवटी लिहिलेली ओळ काटछाटीत सर्वांत आधी जाते, आणि कलावंतांनी उभारलेल्या महोत्सवात कलावंतांनाच पैसे मिळाले नाहीत, हे फार वेळा झालं आहे. नव्या कामाच्या सामानासाठी प्रत्येकी ८ हजार, म्हणजे १ लाख ६० हजार. जागा उभारणी आणि आवराआवरीसकट पंधरा दिवस लागते. दिवसाला ८ हजार धरले तर १ लाख २० हजार. तात्पुरत्या भिंती आणि सुतारकाम १ लाख १० हजार, वीज, दिवे आणि प्रोजेक्टर ९० हजार, वाहतूक ४० हजार. दालनात बसणारी चार माणसं, रोज हजार रुपये, दहा दिवस, म्हणजे आणखी ४० हजार. छपाई २५, विमा आणि परवानग्या २५, चहा-जेवण ३० हजार. बेरीज ८ लाख ४० हजार. त्यावर दहा टक्के राखीव, म्हणजे ८४ हजार. एकूण ९ लाख २४ हजार. तुमच्या जागेचं भाडं वेगळं असेल आणि सुतार वेगळा दर सांगेल, पण एवढ्या आकाराचा महोत्सव दहा लाखांच्या आत बसवता येतो, हे तक्ता दाखवतो.

यातली राखीव ओळ नुसती अडीअडचणीसाठी नाही. तिच्यावरून माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो: कुठल्याही एका देणगीदाराकडून राखीव रकमेहून जास्त घ्यायचं नाही. इथे ती मर्यादा ८४ हजार. एखाद्याने उद्घाटनाच्या आठवडाभर आधी फोन करून ‘ते एक चित्र काढा, नाहीतर पैसे परत घेतो’ म्हटलं, तर राखीव रकमेतून खड्डा भरतो आणि चित्र भिंतीवर राहतं. देणारा सरकारी असो, कंपनी असो की कलाप्रेमी उद्योजक, नियम तोच. पैसे कुणाचे आहेत यावर वाद घालत बसण्यापेक्षा हा नियम जास्त कामाचा आहे.

सरकारी किंवा कंपनीचा पैसा नको म्हणण्यात नैतिक आग्रह असतो आणि तो मला मान्य आहे. २०१४ साली सिडनी बिएनालेचा (बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) मुख्य प्रायोजक समूह निर्वासितांच्या छावण्यांच्या कंत्राटाशी जोडलेला होता. त्यावरून कलावंतांनी कामं मागे घेतली आणि बिएनालेला ते नातं तोडावं लागलं. पण रोजच्या व्यवहारातले त्रास याहून साधे असतात. सरकारी अनुदानाचा हप्ता बऱ्याचदा खर्च होऊन गेल्यावर, बिलं आणि विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्यावर हातात पडतो. सुतार तोवर थांबत नाही. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीत (सीएसआर), म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालच्या नफ्याच्या दोन टक्क्यांत, कला आणि संस्कृती बसते. मात्र ते पैसे घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते, प्रकल्प बऱ्याचदा कंपनीच्या आर्थिक वर्षात बसवावा लागतो, आणि ‘समाजाला झालेला उपयोग’ आकड्यांत दाखवावा लागतो. एखादं मांडणीशिल्प त्या रकान्यात कसं भरायचं?

कोची-मुझिरिस बिएनालेचं उदाहरण मुंबईकरांनी नीट पाहायला हवं, कारण ते सुरू करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही मुंबईत घडलेले चित्रकार. पहिली आवृत्ती १२ डिसेंबर २०१२ ला उघडली. तिथे प्रत्येक आवृत्तीची सूत्रं कलावंताकडेच राहिली: जितिश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अनिता दुबे, शुबिगी राव. ही मोठी गोष्ट आहे. पण पैशाचा कणा केरळ सरकारचा होता. राज्यात सरकार बदललं, निधीवरून वाद झाला आणि पहिल्याच आवृत्तीच्या तोंडावर पैसे अडकले. पुढे २०२२ मध्ये मुख्य प्रदर्शनाचं उद्घाटन १२ वरून २३ डिसेंबरवर गेलं आणि सहभागी कलावंतांना व्यवस्थेबद्दल जाहीर पत्र लिहावं लागलं. सूत्रं कलावंतांकडे असली तरी प्रदर्शनाचा पसारा तिजोरीपेक्षा मोठा झाला की भार शेवटी कलावंतांवरच येतो.

उलट उदाहरणासाठी दादरला जावं. १९७४ पासून आविष्कार या नाट्यसंस्थेने छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं लावली. एक शाळेचा हॉल, मोजक्या खुर्च्या आणि शक्य तितकं साधं नेपथ्य. मराठी रंगभूमीचं एक अख्खं पर्व तिथे घडलं आणि पुढे तेच काम माहीमच्या महापालिका शाळेत सरकलं. दृश्यकलेत मुंबईला अशी एकाच जागी, सातत्याने, वर्षानुवर्षं टिकलेली जागा लाभली नाही. ओपन सर्कलसारखा तुषार जोग आणि शर्मिला सामंत यांच्यासह उभा राहिलेला गट १९९० च्या दशकाच्या शेवटी आला आणि शहराच्या प्रश्नांना कलेतून भिडला. दिल्लीत १९९७ ला सुरू झालेलं खोज तर संस्था म्हणून रुजलं. पण छबिलदासने दिलेला धडा, खर्च इतका कमी ठेवा की कुणाला विचारावं लागू नये, आपण चित्रकारांनी पुरता घेतला नाही.

आता जमेची बाजू. पॅरिसमध्ये १८८४ साली स्वतंत्र कलावंतांनी ‘ना परीक्षक, ना पारितोषिक’ या तत्त्वावर वार्षिक प्रदर्शन सुरू केलं. शुल्क भरा आणि काम टांगा. ही पद्धत मुंबईत आणली की तिची भाड्याची गॅलरी होते. ज्याच्याकडे शुल्काचे पैसे त्याची भिंत. म्हणून शुल्क नको. त्याऐवजी चाळीस सभासदांची मासिक वर्गणी, माणशी ५०० रुपये. भिशीसारखीच, फक्त उचल कुणी घ्यायची नाही. बारा महिन्यांचे २ लाख ४० हजार होतात. मुख्य म्हणजे हे पैसे महोत्सवाच्या वर्षभर आधीपासून जमत राहतात, त्यामुळे जागेची अनामत भरायला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

दुसरा मार्ग मुद्राचित्रांच्या, म्हणजे ठशावरून किंवा जाळीतून छापलेल्या चित्रांच्या, पेटीचा. बारा कलावंतांनी प्रत्येकी एका चित्राच्या तीस प्रती काढायच्या: लिनोकट, वुडकट किंवा सेरिग्राफ. ३६० चांगल्या प्रती हव्या असतील तर कागद साधारण ४२५ घ्यावे, कारण पंधरा टक्के तरी बिघडतात. बाराही चित्रांची एकेक प्रत एका पेटीत, म्हणजे तीस पेट्या. त्यांपैकी बारा कलावंतांच्या, तीन संग्रहाच्या आणि पंधरा विकायच्या. २४ हजाराला एक पेटी धरली तर ३ लाख ६० हजार, त्यातून कागद, शाई आणि पेट्यांचे ९० हजार वजा करून २ लाख ७० हजार. इथे बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, प्रतींवर क्रमांक आणि सही करायचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं आणि बारापैकी एक जण गावाला असतो. म्हणून छपाई झाली त्याच दिवशी सही. दोन, कुणीतरी नंतर तीच प्लेट पुन्हा छापून स्वतंत्रपणे विकतो आणि पेटी घेणाऱ्याचा विश्वास उडतो. प्लेटवर आडवा ओरखडा काढून ती रद्द करायची, आणि त्याचा छापही संग्रहात ठेवायचा.

तिसरा मार्ग लहान देणग्यांचा. १८० माणसं, दीड-दीड हजार, म्हणजे २ लाख ७० हजार. १८० हा आकडा मोठा वाटतो, पण चाळीस सभासदांनी प्रत्येकी चार-पाच माणसं आणली की पूर्ण होतो. पावती दिलीच पाहिजे, दीड हजाराचीसुद्धा. शनिवार-रविवारच्या कार्यशाळांतून, सहा वेळा, वीस जण, ८०० रुपये शुल्क, निम्मे शिकवणाऱ्याला आणि सामानाला गेले तरी ४८ हजार राहतात. एक मोठी देणगी ८० हजारांची. सगळं मिळून ९ लाख ८ हजार. उरलेले १६ हजार प्रोजेक्टर भाड्याऐवजी उसने आणून वाचवता येतात.

वस्तूरूपाने येणाऱ्या मदतीबद्दल सावध राहावं. रंगाचे डबे फुकट मिळतात आणि आठवड्याने प्रवेशद्वारावर फलक लावायची विनंती येते. अशा मदतीचीही बाजारभावाने किंमत लावायची, जमाखर्चात लिहायची आणि तिलाही ८४ हजारांची मर्यादा लागू करायची.

पैसे कुणाच्या खात्यात ठेवायचे? कुठल्याही सभासदाच्या बचत खात्यात नकोत, तो कितीही सज्जन असला तरी. कर भरताना ती रक्कम त्याच्या गळ्यात पडते आणि मैत्री जाते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जणांत संस्था नोंदता येते. महाराष्ट्रात ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी लेखापरीक्षित हिशोब जातो. इथे बहुतेक गट अडकतात ते एका कारणाने: कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट भरायचा असतो आणि कुणी भरत नाही. पाच वर्षांनी बँक म्हणते की सही करणारा अध्यक्ष कागदोपत्री अध्यक्षच नाही, आणि खातं गोठतं. देणगीदाराला करसवलत द्यायची तर संस्थेला आयकर खात्याची नोंदणी आणि ८०जी नावाने ओळखली जाणारी मान्यता लागते. दोन हजारांवर रोख घेतलेल्या देणगीवर ती सवलत मिळत नाही, तेव्हा यूपीआय किंवा चेकच घ्यावा. नोंदणीच करायची नसेल आणि गणेश मंडळांप्रमाणे लोकांमध्ये फिरून वर्गणी गोळा करायची असेल, तर ती मंडळं याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१सी खाली जी परवानगी काढतात ती पाहावी.

परदेशी नागरिक असलेल्या मित्राने पाठवलेले पैसे हा सापळा आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर संस्थेला परदेशी देणगी घेताच येत नाही. नोंदणीसाठी तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवूही शकत नाही. म्हणजे दिल्लीतल्या एखाद्या संस्थेमार्फत मदत घेऊ, हा जुना मार्गही बंद आहे.

जागेसाठी शाळांचे हॉल चांगले, पण तारखा नीट काढाव्यात. डिसेंबरात स्नेहसंमेलनं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, निवडणूक असली की मतदान केंद्र. पावसाळ्यात चित्र टांगायचा विचारही नको. राहतात त्या दिवाळीच्या सुट्ट्या आणि जानेवारीचे शेवटचे तीन आठवडे. जागेची परवानगी तोंडी घेऊ नये. पत्रात पाच गोष्टी हव्यात: कुठल्या खोल्या, कुठल्या तारखा (उभारणीच्या धरून), किल्ली कुणाकडे, वीजबिल कुणाचं, आणि भिंतीला खिळा चालेल का. ध्वनीचं काम असेल तर उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि शाळा, रुग्णालय किंवा न्यायालयापासून शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. शाळेतच महोत्सव असेल तर ध्वनीची कामं हेडफोनवरच ठेवावीत.

भिंती. आठ बाय चारच्या प्लायचे चोवीस ताव उभे लावले की ९६ फूट भिंत होते. १२ मिलिमीटरचा एक ताव जवळपास वीस किलोचा असतो. ‘छोटा हत्ती’ टेम्पोचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांहून कमी रुंद, त्यामुळे आठ फुटी ताव फूटभर बाहेर राहतो. दोन फेऱ्या धरा किंवा मोठा टेम्पो सांगा. सरळ लांब भिंत उभी करू नये. ती पडते, आणि पडते ती रविवारच्या गर्दीत. नागमोडी मांडणी स्वतःच्या कोनांवर उभी राहते. सरळच हवी असेल तर आठ फूट उंचीला मागे अडीच-तीन फुटांचा तिरका पाय आणि त्यावर वीस-पंचवीस किलोची वाळूची गोणी. खिळे ठोकू नयेत, स्क्रू लावावेत. स्क्रूने जोडलेला प्लाय तीन-चार वर्षं वापरता येतो, खिळ्यांचा पहिल्या सोडवणीतच फाटतो. सांध्यांवर जाळीची टेप, त्यावर लांबी (पुट्टी), घासणी, मग चकाकी नसलेल्या पांढऱ्या इमल्शनचे दोन हात. शेवटचा हात लागल्यावर निदान ४८ तास काहीही टांगू नये. घाई केली की फ्रेमच्या मागे ओल अडकते आणि कागदावर तपकिरी डाग उमटतात. जुन्या इमारतीच्या भिंतीवर टांगायचंच असेल तर फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून पाच मिलिमीटर हवा खेळती ठेवा. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर.

वीज. हिशोब आधी करा. सहा प्रोजेक्टर प्रत्येकी ३०० वॅट, पन्नास एलईडी दिवे १२ वॅटचे, दहा पंखे ७५ वॅटचे, प्लेअर आणि स्पीकर मिळून ३५०. बेरीज ३,५०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला पंधराएक अँपिअर. हे एकाच लाइनवर टाकलं तर चालतं, पण काठावर. आणि मग कुणीतरी चहासाठी दीड हजार वॅटची किटली त्याच बोर्डात लावतं. एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो आणि सहाही व्हिडिओ काळे. दिव्यांची लाइन वेगळी, प्रोजेक्टरची वेगळी, किटली दालनाबाहेर. पॉवरच्या लाइनला अडीच चौरस मिलिमीटरची वायर. गुंडाळीचा एक्स्टेन्शन पूर्ण उलगडूनच वापरावा, गुंडाळलेला राहिला की आतून तापतो आणि वितळतो. अर्थिंग तपासल्याशिवाय कलावंतांना आत सोडू नका. शाळांच्या जुन्या वायरिंगमध्ये तिसरी पिन नुसती शोभेची असते.

आठ फूट रुंद प्रतिमेला दीड पट फेकीचा प्रोजेक्टर बारा फूट मागे लागतो. खोलीत तेवढं अंतर आहे का, हे कलावंताला होकार देण्याआधी मोजावं. तीन हजार लुमेन अंधाऱ्या खोलीत पुरतात. पण वरची झरोक्याची काच हमखास विसरली जाते आणि दुपारी तीनला व्हिडिओ दिसेनासा होतो. काळं कापड दुहेरी लावा. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यात बसत नाही, हे उद्घाटनाच्या रात्री कळणं फार वाईट. वीज जाऊन आल्यावर प्लेअर आपोआप सुरू होतो का, तेही मुद्दाम मेन स्विच पाडून पाहावं.

निवडीबद्दल माझं मत ठाम आहे. वीसपैकी निदान बारा जागा खुल्या आवाहनातून, सभासदांबाहेर. निवड समिती चिठ्ठी टाकून, दरवर्षी नवी, आणि समितीतल्या कुणाचंही काम त्या वर्षी प्रदर्शनात नाही. असं केलं नाही तर तिसऱ्या वर्षी महोत्सव सात मित्रांचा होतो. वर्गणी भरणाऱ्याला यामुळे वाईट वाटतं, म्हणून नियम सभासद होतानाच सांगावा: आठ जागा सभासदांच्या, आणि ज्याला या वर्षी संधी मिळाली तो पुढची दोन वर्षं रांगेत मागे.

महोत्सव पैशाअभावी बंद पडतो त्याहून जास्त वेळा तो दमून बंद पडतो. तीन माणसं सगळं करतात, चौथ्या वर्षी त्यांना स्वतःचं चित्र काढून महिने उलटलेले असतात. दालनात बसायला जेजे किंवा रचना संसद या कला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना ‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट बसवणं मला अजिबात पटत नाही. जे आपण प्रायोजकांच्या दुनियेत नाकारतो तेच आपण त्यांच्यावर लादतो. हजार रुपये रोज, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, मध्ये तासाची सुट्टी, आणि प्रत्येक कामाबद्दल दोन वाक्यं त्यांना आधी सांगून ठेवलेली. पाच पदाधिकाऱ्यांपैकी दोघांनी दरवर्षी उतरायचं आणि जाण्याआधी नव्या दोघांबरोबर एक महोत्सव पूर्ण करायचा. त्याच आठवड्यात चेंज रिपोर्ट.

शेवटच्या दिवशी आवराआवरीला माणसं कमी पडतात, कारण उद्घाटनाला आलेले सगळे घरी गेलेले असतात. त्या दिवसाची नावं उभारणीच्या दिवशीच लिहून घ्या. काम घेताना आणि परत देताना एकाच कोनातून फोटो काढा, त्यावर दोघांची सही. विम्याचा दावा त्यावरच टिकतो. प्लायच्या मागे क्रमांक टाका आणि कोरड्या जागी उभा ठेवा, जमिनीपासून चार इंच वर. आणि ३१ मार्चची वाट न पाहता, महोत्सव संपल्यापासून तीस दिवसांत पूर्ण जमाखर्च, दीड हजारवाल्यांसकट सगळ्या १८० जणांना पाठवा: कुणाला किती मानधन मिळालं, सुतार किती, चहा किती, राखीव किती उरले. पुढच्या वर्षीची वर्गणी त्या पत्रानंतर मागा.